गोठेल ते बंद

भावकू जेवायला बसला की गुणाबाई त्याच्यासमोर बसायची. वारा घालायला नव्हे, राखणीला. जोंधळ्याच्या रानात पाखरं राखणाऱ्या बाईच्या हातात गोफण तरी असते. गुणाबाईकडे नुसतं तोंड होतं, आणि ते सकाळपासून चाललं तरी या माणसाच्या कानावरची माशीसुद्धा हलायची नाही. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं, असा प्रश्न तिला रोज पडायचा आणि रोज ती नव्यानं ओतायला बसायची.

"त्या वाटीतनं बोट काढा."

"वास घेऊलालो गं नुसता."

"वास नाकानं घेत्यात. बोटानं न्हाय."

भावकू बोट काढायचा आणि ते धोतराला पुसायच्या ऐवजी मिशीला पुसायचा. मग जेवण होईपर्यंत मिशीचा वास घेत बसायचा. अशा माणसाला काय म्हणायचं, ते गुणाबाईला अजून सापडलं नव्हतं.

भावकू बेळगावच्या वडगावात यंत्रमाग दुरुस्त करायचा. घरोघरी माग, आणि कुठल्या ना कुठल्या घरात रोज काही तरी मोडलेलं. सायकलच्या दांड्याला पान्यांची पिशवी अडकवून तो खासबागेतून सकाळी निघायचा, ते दिवेलागणीला परत. एक्क्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका घरात मागाखाली आडवा होऊन काम करता करता त्याच्या हातातून पाना सुटला. छातीवर कुणी जातं ठेवल्यागत झालं, अंग घामानं भिजलं. विणकर शहाणा होता. त्यानं पाणी पाजण्यात वेळ घालवला नाही, तडक रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, म्हणून भावकू वाचला.

कॅम्पातला हृदयाचा डॉक्टर धारवाडकडचा. बोलायचा मराठीत, पण चिडला की कानडीवर यायचा. त्यानं गुणाबाईला समोर बसवून समजावलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात, त्यांच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो, नळी चिंचोळी होते आणि एक दिवस तुंबते. यांची एक तुंबली. बाकीच्या सांभाळायच्या असतील तर खाणं बदला.

"तुप्पा बेडा, बेण्णी बेडा," डॉक्टर म्हणाला. तूप नको, लोणी नको. "साय नको, मटणाची चरबी नको. डब्यातलं वनस्पती तर अजिबात नको. करडईचं तेल वापरा, तेही थोडं."

"एवढं सगळं ध्यानात कसं ठेवायचं, डॉक्टर?"

डॉक्टर तिला अव्वा म्हणायचा, कानडीत आई. "सोपं सांगतो, अव्वा. थंडीत गोठतं ते बंद. पातळ राहतं ते चालेल, बेतानं."

हे वाक्य गुणाबाईनं पदराला गाठ मारून घरी आणलं. तिला बाकी काही नको होतं. तिची आई ऐन तरुणपणी विधवा झालेली. त्या बाईनं उरलेला जन्म दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाला मागच्या दारात उभं राहून काढला, आणि तिचा पदर धरून गुणाबाई शेजारी उभी असायची. आपल्या वाट्याला ते यायचं नाही. हा माणूस जगला पाहिजे. मुलगी अक्काताई धारवाडला शिक्षिकेचं शिकत होती, तिचं लग्न व्हायचं होतं, पण त्याही आधी गुणाबाईला आपल्या कपाळाची काळजी होती आणि तसं ती उघड बोलून दाखवायची.

बेळगावची थंडी म्हणजे थंडीच. मार्गशीर्षात एका सकाळी गुणाबाईनं खिडकीत वाट्या मांडल्या. एकीत तूप, एकीत वनस्पती, एकीत खोबरेल, एकीत करडईचं तेल. चहा होईपर्यंत पहिल्या तिन्ही पांढऱ्याफटक आणि घट्ट, बोट रुतेना. करडईचं तेल वाटी वाकडी केली की पळत होतं. तेव्हापासून तिला परीक्षेचा नादच लागला. शेजारची मालुबाई आजाऱ्यासाठी म्हणून डिंकाचे लाडू घेऊन आली. गुणाबाईनं तिच्यादेखत एक लाडू खिडकीत ठेवला, त्यावर तुपाची साय धरल्यावर बाकीचे डब्यासकट परत दिले. मालुबाई संक्रांतीपर्यंत बोलली नाही. न बोलली तर न बोलली.

शेजाऱ्यांचं एक वेळ सोसलं असतं. भावकूचं डोकं सोसवत नव्हतं. मशीन उघडून जगणारा माणूस, त्याला सगळं जग मशीनच दिसायचं.

"माग कोरडा चालवला तर काय हुतंय?" तो विचारायचा.

"मला काय माहीत."

"जाम हुतोय. मग माणूस बिनतेलाचा, बिनतुपाचा कसा चालंल? तुझ्या डॉक्टरनं कधी पाना हातात धरलाय काय?"

"मागात तूप घालतासा काय तुमी?"

"न्हाय."

"पातळ तेलच घालतासा न्हवं? मग गप बसा."

भावकू गप बसायचा, पण तेवढ्यापुरता. दुसऱ्या दिवशी तोच माग, तेच तेल. गुणाबाईच्या नाकी नऊ आले होते.

त्यात मष्णूचं लोणी. मष्णू म्हणजे भावकूचा धाकटा भाऊ. लोंढ्याच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथं शेती बघायचा. घरच्या दोन म्हशींत भावकूचा अर्धा वाटा, आणि त्या वाट्याचं लोणी मष्णू दर शनिवारी बाजाराला येताना डब्यात घालून गाडीनं आणायचा. केळीच्या पानावर बसलेला तो पिवळट गोळा बघून भावकूच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते गुणाबाईला लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं.

"मष्णूभावजी, डॉक्टरनं बंद केलंय की वो," ती सांगायची.

"वैनी, डॉक्टरला काय कळतंय? आजारी माणसाला न्हाय तर कुणाला घालायचं? आनि वाटा हाय अण्णाचा. उद्या गावात म्हणतील, मष्णूनं आजारी भावाचा वाटा गिळला."

पुढं बोलायची सोय नव्हती. आज लोणी नको म्हटलं की उद्या म्हशीतला वाटा गेला, परवा शेतातला, मग भाऊबंदकीतलं येणंजाणं. हे गुणाबाईला कुणी शिकवायला नको होतं. ती शेतकऱ्याची लेक होती. मुकाट्यानं ती लोणी घ्यायची, कढवायची, आणि तुपाची बरणी भरून फळीवर ठेवायची. ती बरणी बघून भावकू उसासे टाकायचा.

शेवटी तह झाला, तो असा. भावकूचं म्हणणं, बिनतुपाचं ताट म्हणजे सुतकाचं ताट. आपण अजून मेलो नाही. तेव्हा तूप वाटीत वाढायचं, ताटात ठेवायचं, तो खाणार नाही, पण ते समोर असलं पाहिजे. नाहीतर तो जेवणारच नाही. दोन वेळा त्यानं खरंच ताट सारलं तेव्हा गुणाबाईनं हात टेकले. तूप वाढायचं ठरलं, आणि तिची राखणी सुरू झाली.

वर्षभर तिनं डोळ्यांत तेल घालून ती राखण केली, तेही करडईचं, असं भावकू म्हणायचा. दुधावरची साय ती त्याच्या नजरेआड काढून घ्यायची. मटण महिन्यातून एखाद्या रविवारी शिजलं तर वरचा लाल तवंग पळीनं निपटून वेगळा करायची, चरबीचे तुकडे वेचून काढायची, आणि मग रस्सा त्याला वाढायची. रस्सा कसला, गढूळ पाणी. भावकू तो पिताना घरातलं सगळं गोत्र आठवायचा. जेवण झालं की गुणाबाई आधी वाटी बघायची. तूप जिथल्या तिथं असलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मग ती जेवायला बसायची, त्याच ताटात. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सांगितलं होतं, बाईनं नवऱ्याच्या ताटात जेवावं, आणि तीस वर्षांत तिच्या मनात दुसरं काही आलं नव्हतं. ताट धुवायचं वाचतं, अन्न वाया जात नाही. ताटात उरलेला भात, उरलेली भाकरी, वर थोडं आमटीचं, आणि आता ती वाटी. टाकायची म्हटली तर कुठं टाकायची? दावणीची म्हैस राबणार, मष्णूची बायको पहाटे उठून घुसळणार, भाऊ गाडीतनं मांडीवर डबा धरून आणणार, आणि आपण ते मोरीत ओतायचं? असलं पाप गुणाबाईच्या हातून होणं नव्हतं. वाटी ती भातावर पालथी करायची. रविवारचा तवंगही त्याच भातावर. साय सकाळच्या शिळ्या भाकरीबरोबर, उभ्या उभ्याच.

भावकू उतरला. पोट गेलं, सायकल परत सुरू झाली. खासबागेत लोक म्हणू लागले, नवरा राखावा तर गुणाबाईनं. मालुबाईसुद्धा तेच म्हणू लागली. गुणाबाईला बरं वाटायचं, पण ते पुरतं भोगायला तिला सवड कुठं होती? तिची दाढ दुखत होती.

दाढेचं दुखणं विचित्र होतं. बसलं की नाही, चाललं की सुरू. नळावरनं घागर आणायला गेलं की खालचा जबडा ठणकायचा, दुखणं खांद्यापर्यंत उतरायचं, घागर खाली ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की जायचं. लवंग धरली, तंबाखूची मिसरी लावली. शेवटी शहापुरात जाऊन दाढ काढून आली. दाढ गेली, दुखणं तिथंच. त्या दातवाल्यानं चुकीची दाढ उपटली म्हणून ती महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होती.

दिवाळीला अक्काताई आली. आईबरोबर बाजारात गेली आणि परत येताना म्हणाली, "आये, किती थांबतीस गं वाटंत? दम लागतोय काय तुला?"

"तुझ्या बाला सांभाळून बघ. तुलाबी लागंल."

"दवाखान्यात दाखव की एकदा."

"एका घरात एक आजारी बास हाय."

पोरीनं आईच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. आईशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे ती फार लहानपणी शिकली होती.

जानेवारीत भावकूला तपासणीला न्यायचं होतं. डॉक्टरनं दवाखाना नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेला होता. हृदयाच्या रोग्यांना जिना चढायला लावणारा हा कसला डॉक्टर, म्हणत गुणाबाई चढू लागली. भावकू पुढं तडतड चढून गेला, वर पोचून वळून बघतो तर बायको मधल्या वळणावर बसलेली. एका हातानं कठडा, एका हातानं जबडा धरलेला. थंडीत कपाळावर घाम.

"काय झालं गं?"

"दाढ," गुणाबाई म्हणाली. "तुमी व्हा फुडं."

डॉक्टरनं भावकूला तपासलं. वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, रक्ताचा कागद वाचला. हसला. कोलेस्टेरॉल बरंच खाली आलं होतं. "अव्वानं केलं हे सगळं," तो म्हणाला आणि कौतुकानं गुणाबाईकडं बघितलं. मग बघतच राहिला. तिचा हात अजून जबड्यावर होता.

"काय होतंय?"

"काय न्हाय. दाढ दुखत्याय. काढली तरी दुखत्याय."

"कधी दुखते?"

तिनं सांगितलं. घागर, वाट, जिना. डॉक्टरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं नर्सला तिला टेबलावर झोपवायला सांगितलं. गुणाबाईला भारी राग आला. आपल्याला काही झालेलं नाही, उगाच वायरी लावून घ्यायच्या, वेळ जाणार, घरी भात टाकायचा आहे. पण नर्सनं तिचं काही ऐकलं नाही. मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरनं ती हातात धरून दोनदा वाचली.

"दाढेला काही झालेलं नव्हतं," तो म्हणाला. "हे हृदयाचं दुखणं आहे. बायकांत पुष्कळदा असंच जबड्यात येतं. तुम्ही काय खाता?"

"मी?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं भावकूकडं बघितलं, जसं काही उत्तर त्याला माहीत असेल.

"मी काय खाणार? ह्येंचं जे ऱ्हातंय ते."

"म्हणजे?"

"ह्येंच्या ताटात जेवत्ये. उरतंय त्यात."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मागच्या खेपेला भावकूनं त्याला तुपाच्या तहाची गंमत सांगितली होती, आणि तो मोठ्यानं हसला होता. आता त्याला ते आठवलं असावं.

"त्यांच्या ताटातल्या वाटीतलं तूप कोण खातं, अव्वा?"

"मग काय टाकायचं?"

"साय?"

गुणाबाईनं पदर सारखा केला.

"मटणाचा तवंग? चरबी?"

"डॉक्टर, अन्न हाय ते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, कारण आपली बाजू पक्की आहे असं तिला अजून वाटत होतं. "तुमी ह्यास्नी बंद करायला सांगितलासा. मी केलं. एक घोट पोटात जाऊ दिला न्हाय. मला बंद करा म्हणून कोण म्हणालं?"

ते खरं होतं. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून नीट समजावून सांगू लागला. तीस वर्षं तुम्ही त्यांच्याच ताटात जेवताय. त्यांच्या नळ्यांत जे बसलं, ते तुमच्याही बसत होतं. गेल्या सव्वा वर्षात तुम्ही दोघांचं एकटीनं खाल्लं. चिठ्ठीवर त्यानं जिभेखाली ठेवायची गोळी लिहिली, घागर उचलायची नाही, जिना चढायचा नाही, आणि बाकी तुम्हाला माहीत आहेच, असं म्हणाला. ते शेवटचं वाक्य बोलताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

भावकू म्हणजे बेळगावात कुठल्याही रिक्षावाल्याला वाट सांगितल्याशिवाय न राहणारा माणूस, पण परतताना रिक्षात वडगावच्या नाक्यापर्यंत तोंड मिटून. गुणाबाईला मात्र कुणावर चिडावं हे कळेना. डॉक्टरवर चिडून झालं. म्हशीवर चिडून झालं. मग मेलेल्या सासूवरही चिडून बघितलं, पण त्यात जीव नव्हता. ती घाबरली होती. मालुबाईच्या दारात बायकांची गडबड दिसली तेव्हा तिनं डोळे पुसून घेतले.

शनिवारी मष्णू आला. डबा हातात, तोंडभर हसू. भावकू दारातच बसला होता.

"मष्णू, ते परत ने."

"अण्णा, ताजं हाय. कालच..."

"परत ने म्हणालो न्हवं."

"आनि वाटा?"

"वाटा माझाच हाय, त्यो कुठं जात न्हाय. लोणी तुझ्या पोरास्नी घाल, बाजारात विक, काय पायजे ते कर. माझ्या वाट्याचं तांदूळ दे वाढवून. पर ह्या उंबऱ्याच्या आत ह्यो डबा आता येणार न्हाय." भावकूनं डबा हातानं मागं सारला. "तुझ्या वैनीनं खाल्लं रं ते सगळं. मला राखूलाली आनि तिनं खाल्लं."

मष्णूला लगेच काही कळलं नाही. तो वहिनीकडं बघू लागला. आजवर दर वेळी नको नको म्हणत तीच डबा घ्यायची. गुणाबाई खाटेवर बसली होती, उठायला भावकूची बंदी होती, आणि तिनं मान दुसरीकडं वळवली. मष्णूनं चहा घेतला, डबा उचलला आणि तो गाडीला गेला. फळीवरची तुपाची बरणी भावकूनं स्वतः काढली आणि मालुबाईकडं देवाच्या समईसाठी देऊन आला. येताना तिच्याकडनं चार भाकऱ्या मागून आणल्या. भात त्यानं घरी टाकला होता, तो खाली लागला होता.

मग त्यानं भिंतीला टेकवलेली दोन ताटं घेतली. एक स्वतःपुढं मांडलं, एक तिच्यापुढं.

"हे कशाला?" गुणाबाई म्हणाली. "तुमी जेवा आदी."

"आदी न्हाय, मागनं न्हाय. आता."

"मला भूक न्हाय."

"गुणा, डोकं खाऊ नगोस. वाढून घे."

तो समोर बसला, मांडी घालून, तिच्या ताटावर डोळा ठेवून, अगदी ती बसायची तसा. वाटीत तूप नव्हतं. भाकरीच्या कडेला कारळ्याची चटणी होती, त्यावर करडईच्या तेलाची धार, तीही त्यानं चमच्यानं मोजूनमापून सोडलेली. भाताचं पातेलं त्यानं तिच्याकडं सरकवलं.

गुणाबाईनं पळी हातात घेतली. ताट कोरं होतं. तीस वर्षांत तिच्यापुढं कोरं ताट कधी आलं नव्हतं. आलं ते खरकटं, कुणाचं तरी जेवून झालेलं, आणि त्यात जे असेल ते संपवायचं, एवढंच तिला ठाऊक. भात उरला तर भात, भाकरी उरली तर भाकरी. काही नाही उरलं तर पाणी.

"किती घेऊ?" तिनं विचारलं.

"मला काय इचारतीस?" भावकू वैतागून म्हणाला. "तुला किती लागतंय तेवढं घे की."

गुणाबाईनं पातेल्यात बघितलं, मग ताटाकडं, मग नवऱ्याकडं. आपल्याला किती लागतं, ते तिला ठाऊक नव्हतं. पळी हातात धरून ती तशीच बसून राहिली.